नाकेदारांची कोरफड

आम्ही गेवराईला बिऱ्हाड केलं, त्या दिवशी घरमालकांनी उंबरठ्यातच आमच्या सामानाची झडती घेतली.

आमच्या ह्यांना तहसील कचेरीत नुकतीच कारकुनी मिळाली होती. बैलगाडी दारात उभी होती, मी धुळीनं माखलेली, आणि कधी एकदा आत जाऊन पाण्याचा घोट घेते असं झालेलं. तर दारात एक उंच, वाळका माणूस हात आडवा धरून उभा. चैत्राचं ऊन तापलेलं, आणि ह्या माणसाच्या अंगात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी अचकन. बाह्या मनगटाच्याही खाली आलेल्या.

"पेटी उघडा," ते म्हणाले.

ह्यांना वाटलं थट्टा आहे. हे हसले. समोरचा माणूस हसला नाही.

"पेटी उघडा मुन्शीजी. मग वळकटी. बाईंच्या हातातला डबाबी."

डब्यात माझ्या आईनं दिलेले डिंकाचे लाडू होते. त्यांनी एक उचलला, नाकाशी नेला, मधोमध फोडला, आत बघितलं. मग दुसरा फोडला. वळकटी हातानं चाचपली. एवढं झाल्यावर बाजूला सरकले आणि जणू आम्हीच त्यांना ताटकळत ठेवलं होतं अशा आवाजात म्हणाले, "जाऊ द्या."

नगरच्या वाटेवर मोगलाई संपून इंग्रजी हद्द लागायची. तिथं निजाम सरकारचा करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची, चोरून नेलेली अफू, गांजा, चांदी पकडायची, असं तिथलं काम. त्या नाक्यावर हे गृहस्थ नाकेदार होते. नोकरी संपून घरी आले, पण नाका त्यांच्यातून गेला नाही. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. नाकेदार म्हणजे नाकेदार. मीही त्यांचं नाव कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उलट विचारलं असतं, "कावून? तुमाला काय करायचंय माझ्या नावाचं?"

धान्याच्या पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी परखी असते ना, ती त्यांनी नाक्यावरून घरी आणली होती. भाजीवाली पाटी घेऊन दारात आली की नाकेदार परखी घेऊन पुढं. मेथीच्या जुडीत परखी, आंबाडीत परखी. ती बिचारी ओरडायची, "नाकेदार, भाजी हाय, भोकं पाडू नगा!" देवळातला प्रसाद ते भिंतीवर ठेवायचे. कावळ्यानं खाल्ला आणि कावळा धड उडाला, की मग उरलेला तोंडात टाकायचे. पुष्कळदा कावळा सगळाच घेऊन जायचा. तेव्हा म्हणायचे, "बघा, चोर निघाला."

एकदा मी धाडस करून म्हणाले, "एवढा संशय कशाला घेता हो?"

"मी शक घेत न्हाई बाई. मी तपासतो," ते म्हणाले. "शक घेऊन घरी बसणारे येगळे."

हे बोलताना त्यांनी गावाकडं बोट दाखवलं होतं. ते कशासाठी, हे मला नंतर समजलं.

त्यांचं घर धाब्याचं, पुढं मोठं अंगण. अंगणाच्या भिंतीला लागून फुटके रांजण, कानतुटक्या घागरी, तळ गेलेले डबे, आणि प्रत्येकात कोरफड. जाड, मांसल, काटेरी कडांची पानं चोहीकडं वाकडीतिकडी पसरलेली. तुळस नाही, मोगरा नाही, नुसती कोरफड. आल्यागेल्याला वाटायचं, ह्या माणसाला फूलझाड सोसत नसावं.

ह्या कोरफडीची हकीकत त्यांनी मला स्वतः सांगितली. नाक्यावर एका गाडीवाल्याच्या बाचक्यात त्यांना ही पानं सापडली. असली पानं पूर्वी पाहिलेली नव्हती, म्हणून जप्त केली. गाडीवाला म्हणाला, ठेवा साहेब, आणि पुढं निघून गेला. भांडला नाही, तिथंच नाकेदारांना खटकलं. पानं नाक्यामागं उकिरड्यावर टाकली. उन्हाळा आला. नाक्यावरचं लिंबाचं झाड वाळलं, विहीर आटली, बैलांना पाणी लांबून आणावं लागायचं. आणि ही पानं उकिरड्यावर जशीच्या तशी हिरवी.

"पाणी न्हाई, माती न्हाई, कुणी बघणारं न्हाई. तरी टवटवीत," नाकेदार म्हणाले. "मला शक आला. म्हणलं, हे कुठून तरी चोरून खातंय."

त्यांनी पान मोडलं. आत पाण्यासारखा गर. नाक्यावरच्या कोरड्या वाऱ्यानं त्यांची कातडी त्या वेळी भेगाळलेली होती. हातावर, कोपरावर, पाठीवर पापुद्रे सुटायचे आणि खाज इतकी, की ते रक्त येईतो खाजवत. तो गर त्यांनी हाताला फासला, आणि हाताची आग आग झाली.

दुसरा कुणी असता तर पान फेकून मोकळा झाला असता. नाकेदारांनी पानाला चौकशीला घेतलं. मोडलेल्या टोकाकडून आधी एक पिवळा, कडू चीक बाहेर येतो आणि आगीचं मूळ तोच, हे त्यांनी शोधून काढलं. तेव्हापासून त्यांची रीत ठरलेली. पान बुडाशी कापायचं आणि वाडग्यात उभं करून ठेवायचं. पिवळा चीक सगळा निथळला की काट्यांच्या कडा तासायच्या, साल सोलायची, गर पाण्यातून धुवून घ्यायचा. आणि त्यानंतरही सरळ अंगाला लावायचा नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावायचा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघायची. इतकी वर्षं तोच गर लावत आलेला माणूस, पण नवं पान कापलं की ते पुन्हा कोपराशीच सुरुवात करायचे.

"आता तरी विश्वास ठेवा की तिच्यावर," मी म्हणायची.

"मागच्या पानावर हाय. ह्या पानाची अन् माझी आत्ता वळख झाली."

गुण तरी काय येतो, असं विचारल्यावर मात्र ते फुशारकी मारत नसत. "रोग बिग बरा करत न्हाई ही. कातडीला दम देते. थोडा येळ गप बसवते, येवढंच."

गावाचं त्यांच्याबद्दलचं मत वेगळं होतं. अचकनीच्या बाहीतून कधी मनगट दिसायचं, त्यावरचे पांढुरके पापुद्रे दिसायचे, आणि लोक नजर वळवायचे. न्हावी त्यांच्या दारात यायचा नाही, ते स्वतःची दाढी स्वतः करायचे. कुणाच्या लग्नाला गेले तर पंगतीच्या टोकाला बसायचे आणि त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. तोंडावर कुणी काही बोलत नसे. पाठीमागं एकच शब्द, तोही हळू आवाजात. महारोग.

ह्यांनीही मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. "त्यांच्या रांजणातलं पाणी घेऊ नकोस. आपली घागर वेगळी ठेव." मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" हे म्हणाले, "कचेरीत सगळे म्हणतात." कुणाला विचारावं तर कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

अशात एका दुपारी माझी नणंद आमच्या दारात येऊन उतरली.

यमुना ह्यांची धाकटी बहीण. दिंद्रुडला चांगल्या जमीनदार घरात दिलेली, लग्नाला अजून वर्षही झालेलं नव्हतं, नागपंचमीला चार दिवस आमच्याकडं राहून गेलेली. सोबत तिच्या सासरचा गडी होता. त्यानं पेटी खाली ठेवली, निरोप सांगितला आणि पाणीही न पिता गाडी वळवली. निरोप असा होता, की सूनबाईंच्या अंगावर काहीतरी उठलंय, ते बरं होईपर्यंत माहेरी ठेवा. माझे सासू-सासरे आता हयात नव्हते, म्हणून तिचं माहेर म्हणजे आम्हीच.

मी तिला आत नेलं. चोळीची गाठ सोडून बघितलं. मानेमागून पाठीपर्यंत आणि कमरेभोवती लालभडक पट्टे. मधे मधे कातडी वाळून तडकलेली, त्यातून लस आलेली. पदर लागला तरी ती कळवळायची.

"वहिनी, खरं सांगा, तेच हाय का?" तिनं विचारलं. तिला तो शब्दसुद्धा उच्चारवत नव्हता.

मी म्हणाले, नाही गं. पण मला तरी काय माहीत होतं? संध्याकाळी ह्यांनी तिची पाठ बघितली आणि ओसरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दिंद्रुडला तिच्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघताहेत म्हणे. गडी गाडी वळवताना शेजारच्यांना सांगत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकेदार आमच्या ओसरीसमोर येऊन उभे राहिले. त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांच्या घरात त्यांच्यापासून काही लपत नसे.

"पोरीची पेटी भाईर आणा," ते म्हणाले.

ह्यांचं डोकं फिरलं. "नाकेदारसाहेब, बायकांच्या कपड्यांची पेटी आहे ती."

"मग? पोत्यात चांदी असली तरी पोतं उघडावंच लागतं मुन्शीजी. काय लागलं तिच्या आंगाला, ते तिच्या पेटीत असंल न्हाईतर तुमच्या घरात असंल."

"माझ्या घरात?"

"असंल. तुमच्यावरबी शक हाय."

हे कचेरीला निघून गेले, जाताना मला म्हणाले, "काही दाखवायचं नाही. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे कुणास ठाऊक." परक्या पुरुषानं तरण्या बाईचे कपडे मागावेत, हे मलाही कसंतरीच वाटत होतं. पण यमुनाच उठली. तिनं पेटी स्वतः ओढत अंगणात आणली आणि झाकण उघडलं. म्हणाली, "घ्या बाबा. माझ्याकडं लपवण्यासारखं कायबी न्हाई."

मी दारात उभी राहिले, एक डोळा यमुनेवर, एक नाकेदारांच्या हातावर. त्यांनी यमुनेकडं एकदाही बघितलं नाही. सगळं लक्ष पेटीत. आणि मग सुरू झाली चौकशी. कुंकू कुठलं? तेल कुणी दिलं? न्हायला काय लावते? त्यांनी कुंकवाची डबी फेकायला लावली, तेलाची बाटली जप्त केली, शिकेकाई गायब. मग मला विचारलं, नणंदेशी कधी भांडण झालं होतं का. मी रागानं आत निघून आले. कुंकू बदललं, तेल बदललं, काही फरक पडला नाही. ते चुकले होते, आणि चुकलो म्हणून त्यांना वाईट वाटलेलंही दिसत नव्हतं. पुन्हा पेटीशी बसले.

शेवटी त्यांनी एक चोळी उलटी केली, उन्हात धरली, आणि मला हाक मारली.

"बाई, हिकडं या. हे काय?"

चोळीच्या आतून, गळ्याच्या शिवणीला काळपट तपकिरी डाग होता.

"बिब्बा असेल," मी म्हणाले. "परीट खूण करतात ना कपड्यांना."

"बिब्बा," ते म्हणाले. "कुणाच्या हाताला लागला तर हात सुजतो, कुणाला काय होत न्हाई. पोरीचं आंग नाजूक. मानंला शिवण, कमरंला लुगड्याचा काठ. डाग तिथंच, आग तिथंच."

दुसरी चोळी, तिसरी, लुगड्याचे काठ, सगळं त्यांनी उन्हात धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सगळ्या घड्या केल्या आणि म्हणाले, "हे कपडे हिच्या आंगाला लावू नका. तुमचे जुने, धुऊन मऊ झालेले द्या."

त्यांनी कोरफडीचं पान कापलं आणि वाडग्यात उभं करून ठेवलं. यमुना तळमळत होती, मी म्हणत होते लावू द्या आता. ते हलले नाहीत. पिवळा चीक निथळला, गर धुतला, तिच्या कोपराशी बोटभर लावायला मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पुढं काही करू दिलं नाही. कोपर शाबूत राहिलं तेव्हाच परवानगी मिळाली. "चोळू नका. नुसतं ठेवा. जिथं कातडी फुटून वाहतीय तिथं आत्ता न्हाई, भवती."

मी तिच्या पाठीवर गर ठेवला. ती आधी आक्रसली, आग होणार म्हणून. मग तिचे खांदे खाली आले.

"गार हाय, वहिनी," ती म्हणाली. पालथी पडल्या पडल्या तिला तिथंच झोप लागली. आमच्याकडं आल्यापासून ती अशी स्वस्थ झोपली नव्हती.

पट्टे हळूहळू फिके होत गेले. भरभर नाही. कधी दोन दिवस बरं, पुन्हा खाज. पण कातडी मऊ पडत चालली होती. आणि नेमकं त्याच सुमाराला दिंद्रुडहून तिचे सासरे आले, सोबत यमुनेची थोरली जाऊ. सूनबाईंचं अंग बायकामाणसानं बघावं, म्हणून तिला आणलं होतं.

ते अंगणात शिरले तेव्हा नाकेदार भिंतीपाशी बसले होते. अचकन बाजूला काढलेली, बाह्या वर सारलेल्या, हाताला कोरफड लावत होते. त्यांना इतक्या जणांनी असं कधी बघितलेलं नव्हतं. जाऊबाईंनी ते पापुद्रे सुटलेले हात बघितले आणि जागीच किंचाळल्या.

"अगं बया! मामंजी, महारोगी हाय की हा!"

सासरे उंबरठ्यावरूनच ह्यांच्याकडं वळले. "ह्याच्या घरात ऱ्हाता तुमी? पंचमीला पोर हितंच आलती की. म्हंजी रोग हितूनच लागला. आन् आमालाच बोल लावता?"

यमुना दाराआडून सगळं ऐकत होती. तिची पाठ जवळजवळ बरी झालेली, आणि तरीही आता ते तिला घेऊन जाणार नव्हते, हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं.

नाकेदार उठले. मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी बाह्या खाली केल्या नाहीत. उलट सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, सदरा काढून भिंतीवर टाकला आणि भर दुपारच्या उन्हात, सगळ्यांसमोर, उघडे उभे राहिले. पाठ, छाती, दंड, सगळीकडं कोरडी कातडी.

"बाई, सुई आणा," ते मला म्हणाले.

मी सुई आणली. त्यांनी ती यमुनेच्या सासऱ्यांच्या हातात दिली.

"महारोगाचा डाग मुका असतो. टोचलं तरी कळत न्हाई, खाजबी येत न्हाई. हे तुमालाबी ठाव हाय. मी पाठ करतो, डोळे मिटतो. जिथं वाटंल तिथं टोचा. मला न कळता एक जरी सुई टोचली गेली, तर आजच हे घर सोडून मी गावाभाईर जातो."

सासरे कचरले. "मी कशाला..."

"टोचा बे! शक घेतला ना? मग तपासा!"

सासऱ्यांनी लांबूनच हात पुढं करून एक सुई टोचली. नाकेदार ओरडले, "आई गं! खांद्यावर!" दुसरी. "मणक्याखाली!" तिसरी, चौथी. ते दर वेळी ओरडत आणि जागा सांगत. सासऱ्यांना चेव चढला, ते डागांवर शोधून शोधून टोचू लागले. पाठीवरून रक्ताचे थेंब ओघळले. एकही सुई मुकी गेली नाही. कुंपणापलीकडं शेजारीपाजारी जमले होते, कुणी हसलं नाही. शेवटी ह्यांनीच पुढं होऊन सासऱ्यांचा हात धरला.

"आता बस झालं," हे म्हणाले. मग आत गेले, आमच्या घागरीतलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि नाकेदारांना दिलं.

जाऊबाई आत जाऊन यमुनेची पाठ बघून आल्या. "कमी झालंय," म्हणाल्या. आवाज बसका होता. नाकेदारांनी सदरा चढवता चढवता त्यांना बिब्ब्याचं सांगितलं. परटाची खूण, नाजूक कातडी, एवढंच. सांगताना त्यांची नजर जाऊबाईंच्या उजव्या हातावर होती. मीही बघितलं. अंगठ्याच्या नखाभोवती काळपट तपकिरी डाग होता, लवकर न निघणारा.

आता नाकेदार बोलणार. लाडू फोडणारा, मेथीत परखी खुपसणारा, माझ्यावर तोंडावर आळ घेणारा हा माणूस आता गप्प बसणं शक्य नव्हतं. ते बोलले नाहीत. नजर काढून घेतली आणि सासऱ्यांना म्हणाले, "पोर बरी हाय. न्यायची तर तिच्या नवऱ्यानं यावं. गड्याच्या हाती ती जायची न्हाई."

पाहुणे गेल्यावर मी त्यांना गाठलं. "तुम्ही बघितलंत. का बोलला नाहीत?"

ते हळू बोलले. "परटाची खूण पदराच्या कोपऱ्यात असते. समद्या लुगड्यांवर ती हाय, दोन ठिपके. गळ्याच्या शिवणीला आतून कुणी परीट बिब्बा लावत न्हाई. ते मला पेटी बघितली तवाच कळलंतं."

"मग?"

"मग काय? घरोघरी बिब्बा असतो. टाचंला लावतात, काटा मोडला तर लावतात. अंगठ्याला डाग म्हंजी पुरावा न्हाई. आन् बोललो असतो तर? पोरीला तिथंच जाऊन ऱ्हायचंय बाई. भरल्या घरात, तिच्याच संगट."

मग त्यांनी मला एक सांगितलं, जे पुढं त्यांनी कधी उच्चारलं नाही. त्यांची बायको अशीच एक दिवस तिच्या भावांनी माहेरी नेली होती. नाक्यावर येऊन त्यांनी नाकेदारांचे हात बघितले, आपसात बोलले आणि बहिणीला गाडीत बसवलं. "माझ्या येळंला कुणी सुई आणली न्हाई," ते म्हणाले. "नुसतं बघितलं आन् गेले. ती मागं वळून बघत व्हती. मीच म्हणलं, जाऊ द्या."

यमुनेला त्यांनी एवढंच सांगितलं, की कपडे स्वतः धुवायचे, स्वतःच्या पेटीत ठेवायचे, आणि पेटीला कुलूप. का, ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. ती त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली, आणि मला वाटतं तिला सगळं समजलं.

पुढच्या पंधरवड्यात तिचा नवरा स्वतः आला. लाजाळू, पोरसवदा मुलगा, बापासमोर मान वर न करणारा. नाकेदारांनी त्याला दारातच अडवलं.

"कावून आलास?"

"बायकोला न्यायला."

"इतके दिस कुठं व्हतास?"

तो गोरामोरा झाला. "वडील येऊ देत नव्हते."

"आन् आज?"

"आज न विचारता आलो."

नाकेदारांनी त्याच्या काखेतलं बोचकं मागितलं. आत एक नवं कोरं लुगडं होतं. त्यांनी ते उलगडलं, काठ उलटून बघितले, नाकाशी नेलं, पदराचा कोपरा बघितला.

"परटाकडं दिलंतं?"

"न्हाई जी. कोष्ट्याकडून सरळ हिकडं आलो."

त्यांनी लुगड्याची घडी घातली, नीट, कडा जुळवून, आणि परत त्याच्या हातात दिली. बाजूला सरकले, पण "जाऊ द्या" म्हणाले नाहीत. यमुना गाडीत बसली तेव्हा तिच्या पायाशी त्यांनी एक फुटका डबा ठेवला, त्यात मातीसकट कोरफड.

दिंद्रुडला तिच्या अंगावर पुन्हा कधी काही उठलं नाही. त्या घरच्या लग्नाकार्याला मी कितीदा गेले. जाऊबाई माझं आगतस्वागत करायच्या, हळदीकुंकू लावायच्या, आणि माझी नजर प्रत्येक वेळी त्यांच्या अंगठ्यावर जायची. डाग असायचा कधी, कधी नसायचा. त्या दोघी जावांमध्ये कधी उघड भांडण झालं नाही. प्रेमही झालं नाही. यमुनेच्या पेटीला शेवटपर्यंत कुलूप राहिलं.

गावानं नाकेदारांना त्या दिवसानंतर जवळ केलं, असं सांगितलं तर खोटं ठरेल. सुया सगळ्यांनी बघितल्या होत्या, तरी न्हावी आला नाही. पंगतीत त्यांच्या शेजारी मात्र आता आमचे हे बसायचे.

यमुना पहिल्या बाळंतपणानंतर आमच्याकडं आली. पोर अंगडं-टोपड्यात गुंडाळलेलं, तिनं सरळ अंगणात जाऊन नाकेदारांपुढं धरलं. ते मागं सरकले. बाह्या खाली ओढू लागले.

"नगं पोरी. लांबूनच बघतो."

"घ्या बाबा."

"कुणी बघितलं तर? तुझ्या सासरी कळलं तर?"

यमुनेनं त्यांची बाही आपल्या हातानं कोपरापर्यंत वर सारली आणि त्या खरबरीत, उघड्या हातावर पोराचं डोकं ठेवलं. ते ताठ उभे राहिले. नजर दाराकडं, कुंपणाकडं, माझ्याकडं. हात मात्र हलू दिला नाही. पोरानं डोळे उघडले, त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटले.

"घरी काय सांगून आलीस?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"हेच," यमुना म्हणाली. "समद्यांना सांगून आलेय."